फिक्स्ड गिअर सायकलला दोन मापांची स्प्रॉकेट : बेळगाव सीमाभागातल्या नव्या सायकलस्वारांसाठी

बेळगावातून उत्तर-ईशान्येला निघालात की चिकोडी, रायबाग, कुडची, अथणीकडे जमीन सपाट होत जाते. कृष्णाकाठची काळी माती, लांबच लांब सरळ रस्ते आणि दोन्ही बाजूंना ऊस. दक्षिण-नैर्ऋत्येला वळलात तर खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा तांबड्या मातीचा चढउताराचा मुलूख लागतो आणि पुढे चोर्ला घाट. फिक्स्ड गिअर सायकलला गिअर एकच असतो, त्यामुळे अथणीच्या रस्त्याला बेतलेला गिअर जांबोटीच्या चढावर गुडघे दुखवतो आणि जांबोटीला बेतलेला गिअर अथणीच्या रस्त्यावर पाय नुसते गरगर फिरवतो. यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या मापांची स्प्रॉकेट (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चकत्या) बसवायची आणि गरजेप्रमाणे चाक काढून उलटे लावायचे.

काम अवघड नाही, पण मापात चूक झाली तर सायकल धोक्याची होते. नवखे लोक दोन स्प्रॉकेटांत फार मोठा फरक ठेवतात आणि इथेच बहुतेकांचे बिघडते. दोन दात्यांचा फरक बहुतेकांना पुरतो आणि तीन ही वरची मर्यादा धरावी. याची कारणे खाली मापांसकट दिली आहेत.

आधी हब ओळखा

फिक्स्ड गिअरमध्ये स्प्रॉकेट हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, घट्ट जोडलेले असते. चाक फिरते तोवर पेडल फिरतातच, पाय थांबवायची सोय नसते. पाय मागे रेटले तर चाकाचा वेग कमी होतो. याचा अर्थ स्प्रॉकेटवर दोन्ही दिशांनी जोर येतो आणि मागे रेटताना ते सैल व्हायच्या दिशेने ढकलले जाते. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर दोन टप्प्यांचे आटे असतात. आतल्या मोठ्या टप्प्यावर नेहमीचे उजवे आटे (१.३७ इंच व्यास, इंचाला २४) असतात, त्यावर स्प्रॉकेट बसते. बाहेरच्या लहान टप्प्यावर उलटे, म्हणजे डावे आटे असतात, त्यावर लॉकरिंग, म्हणजे स्प्रॉकेट अडवून धरणारी कडी, बसते. स्प्रॉकेट सैल व्हायला लागले की ते लॉकरिंगला सोबत फिरवू पाहते, पण लॉकरिंगचे आटे उलटे असल्याने त्या फिरण्याने लॉकरिंग आणखी आवळते.

दोन्ही बाजूंनी आटे असलेले हब दोन प्रकारचे मिळतात. एकात दोन्ही बाजू फिक्स्ड, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन टप्पे. दुसऱ्यात एक बाजू फिक्स्ड आणि दुसरी फ्रीव्हीलची (पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या नेहमीच्या स्प्रॉकेटची), जिथे एकच टप्पा असतो. विकत घेताना टायर-ट्यूब नसलेले चाक हातात घेऊन दोन्ही बाजू बघा. टप्पा स्पष्ट दिसतो आणि नखाने चाचपला तरी कळतो.

फिक्स्डच्या बाजूवर फ्रीव्हील चढवलेले चालते. फ्रीव्हीलच्या बाजूवर फिक्स्ड स्प्रॉकेट चढवायचे नाही, कितीही आवळले तरी नाही. लॉकरिंग धरायला तिथे आटेच नसतात, त्यामुळे उतारावर पाय मागे रेटताक्षणी स्प्रॉकेट सुटते.

साध्या देशी रोडस्टरच्या हबवर लॉकरिंगचे आटे नसतात. काही जण त्यावर फिक्स्ड स्प्रॉकेट चढवून बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या एक्सलच्या बेअरिंगची) लॉकरिंग मागून लावतात. ती आट्यांत बसते हे खरे, पण तिचे आटे स्प्रॉकेटच्याच दिशेचे असतात, म्हणून मागे रेटताना दोन्ही मिळून सुटतात. फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून त्याचे फिक्स्ड करणेही तसेच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चांगला वेल्डर आणि चांगला लेथ दोन्ही मिळतील, पण उलट्या आट्यांचा प्रश्न वेल्डिंगने सुटत नाही. लेथवाल्याकडून करून घ्यायचे काम वेगळे आहे, ते पुढे येईल.

दाते किती निवडायचे

एका पेडल-फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते, हे माप धरले की हिशेब सोपा होतो. चेनव्हीलचे (पेडलजवळच्या पुढच्या दातेरी चाकाचे) दाते भागिले स्प्रॉकेटचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. ७०० × २८ टायरचा परीघ साधारण २.१४ मीटर धरा. ४४ दात्यांच्या चेनव्हीलवर हे आकडे येतात:

१६ दाते : ५.८८ मीटर
१७ दाते : ५.५४ मीटर
१८ दाते : ५.२३ मीटर
१९ दाते : ४.९६ मीटर
२० दाते : ४.७१ मीटर

या आकड्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी आणि ०.०६ ने गुणले की ताशी वेग मिळतो. १७ वर मिनिटाला ८५ फेऱ्या मारल्या तर ताशी २८ किमी, १९ वर तेवढ्याच फेऱ्यांत २५. सपाट रस्त्यावर हा फरक लगेच जाणवतो. चढावर वेग १२ पर्यंत उतरला की १७ वर मिनिटाला ३६ फेऱ्या होतात, १९ वर ४० आणि २० वर ४२-४३. चढावर एक-दोन दात्यांनी फार मोठा दिलासा मिळत नाही, हे आधीच समजून घ्या. उभे राहून पेडल मारावे लागणारच, लहान गिअरने, म्हणजे जास्त दात्यांच्या स्प्रॉकेटने, ते जरा लवकर आटोक्यात येते एवढेच.

खरा विचार उताराचा करायचा. चढाला म्हणून लहान गिअर लावला की चढ संपल्यावर त्याच गिअरवर उतरावे लागते आणि पाय थांबत नाहीत. ताशी ४० च्या वेगाला १७ वर मिनिटाला १२० फेऱ्या होतात, १९ वर १३४ आणि २० वर १४१. नव्या माणसाला १२० च्या वर पाय सांभाळता येत नाहीत. तो सीटवर उडायला लागतो, मग पेडलवरून पाय सुटतो आणि मोकळे फिरणारे पेडल नडगीवर बसते. म्हणून ज्या रस्त्यावर मोठा उतार आहे तिथे लहान गिअर फ्रीव्हीलवर ठेवावा. वंटमुरी घाट, निपाणीजवळची तवंदी आणि चोर्ला यांपैकी काहीही वाटेत येणार असेल तर दुसरी बाजू फ्रीव्हीलची आणि ब्रेक दोन्ही चाकांना हवेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन जोड्या सुचवतो.

अथणी, रायबाग, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात राहणाऱ्यांनी १७ आणि १९, दोन्ही फिक्स्ड. इथे दुसरा गिअर चढापेक्षा वाऱ्यासाठी जास्त वापरला जातो. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा असतो. सकाळी पूर्वेला जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना समोर. समोरच्या वाऱ्यात वेग १८ वर आला तर १७ वर मिनिटाला ५४ फेऱ्या होतात, त्या गुडघ्यांना जड जातात. १९ वर ६० होतात. परतीच्या टोकाला पाच-दहा मिनिटे थांबून चाक उलटे केले की पुढचे तीन तास सुखाचे जातात. बरेच जण चढ बघून गिअर ठरवतात, पण सपाट पट्ट्यात वारा बघून ठरवावा.

बेळगाव शहर, खानापूर, जांबोटीकडच्यांनी १६ फिक्स्ड आणि १८ फ्रीव्हील, किंवा पाय अजून तयार नसतील तर १७ फिक्स्ड आणि २० फ्रीव्हील. १८ दात्यांचे फ्रीव्हील साध्या सायकल दुकानातही मिळते, त्यामुळे मोडले तरी अडत नाही.

जे लोक चाक घसरवून थांबायची हौस करतात त्यांनी एक हिशेब बघावा. ४४ आणि १६ हे ११ आणि ४ पर्यंत लहान होतात, म्हणून एकाच पायाने घसरवले तर टायर नेमका चार ठिकाणी झिजतो. ४४ आणि १७ आणखी लहान होत नाहीत, तिथे झीज सतरा ठिकाणी वाटली जाते. ४४ आणि १९ वर एकोणीस. तरीही घसरवणे ही थांबण्याची रीत नाही. पुढचा ब्रेक त्याच्यापेक्षा फार कमी अंतरात थांबवतो.

खाचेत जागा आहे का, ते मोजा

चेन एकच, चेनव्हील एकच, पण मागचे स्प्रॉकेट बदलले. मग चेनचा ताण कसा जमतो? एक्सल फ्रेमच्या मागच्या टोकांच्या खाचेत पुढे-मागे सरकवून. मोठ्या स्प्रॉकेटला जास्त चेन लागते, म्हणून चाक पुढे येते. लहान स्प्रॉकेटवर चाक मागे जाते.

माप पक्के आहे. चेन स्प्रॉकेटला साधारण अर्धा वेढा घालते, म्हणून एक दाता वाढला की अर्धी पिच (पिच म्हणजे चेनच्या शेजारच्या दोन पिनांमधले अर्ध्या इंचाचे अंतर), म्हणजे पाव इंच जास्त चेन लागते. ती वरच्या आणि खालच्या पदरांत वाटली जाते, म्हणून एक्सल एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.२ मिमी सरकते. दोन दात्यांना ६.४, तीन दात्यांना ९.५, चार दात्यांना १२.७ मिमी. प्रत्यक्षात हे आकडे किंचित कमी भरतात, पण जागा मोजताना हेच धरा.

यात चेनच्या ताणण्याची जागा मिळवा. ९६ पिचची चेन सुमारे १,२१९ मिमी लांब असते. अर्धा टक्का ताणली की ६ मिमी वाढते आणि चाक ३ मिमी मागे घ्यावे लागते. म्हणजे दोन दात्यांच्या फरकाला खाचेत ९.५ मिमी सरकायला जागा हवी, तीनला १३, चारला १६. शिवाय मागच्या टोकाला नटचा वॉशर पूर्ण टेकेल एवढी पट्टी शिल्लक हवी. अर्धा वॉशर हवेत राहिला तर नट कितीही आवळला तरी चाक निसटते.

खाच मागून उघडी असलेली ट्रॅक फ्रेम या कामाला उत्तम. जुन्या रोड फ्रेमची आडवी, पुढून उघडी खाचही चालते, पण तिच्यात जागा कमी असते, आधी मोजा. उभी खाच असलेल्या फ्रेमवर हे करायचे नाही, तिथे एक्सल पुढे-मागे सरकतच नाही.

आणखी तीन ठिकाणी पट्टी लावून बघा. चाक सगळ्यांत पुढे असताना टायर आणि सीट ट्यूब यांच्यात ५ मिमी तरी हवेत, नाहीतर पावसाळ्यात चिखल तिथेच बसतो. रिकाम्या राहणाऱ्या डाव्या बाजूचे मोठे स्प्रॉकेट डाव्या चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) घासता कामा नये. २० दात्यांच्या स्प्रॉकेटचा व्यास दाते धरून ८५ मिमीच्या आसपास जातो. तिसरी जागा मागच्या ब्रेकची, तिच्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते.

ब्रेकचे रबर फ्रेमवर स्थिर असतात, चाक मात्र सरकते. एक्सल ६ मिमी मागे गेले की रबर रिमवर साधारण ४ मिमी वर, टायरच्या बाजूला जाते. तीन दात्यांच्या फरकात हे ६ मिमी होते. रिमची ब्रेकची पट्टी बहुतेक रिमवर १० ते १४ मिमी रुंद असते आणि रबर स्वतःच १० मिमीच्या आसपास. आता दोन दात्यांवर आमचा भर का, ते लक्षात येईल. रबर टायरला लागून राहिले तर टायरची बाजू कापली जाते आणि ती भर उतारावर फुटते. म्हणून रबर बसवताना चाक लहान स्प्रॉकेटच्या जागी, म्हणजे मागे ठेवा, रबर रिमच्या वरच्या कडेपासून १ मिमी खाली बसवा, मग चाक पुढे घेऊन ते रिमच्या खालच्या कडेवरून आऱ्यांकडे ओघळत नाही ना, हे बघा. दोन्ही जागी जमत नसेल तर रबर फ्रीव्हीलच्या जागेला बसवा आणि फिक्स्डवर चालवताना मागच्या ब्रेकची केबल मोकळी करून ठेवा. फिक्स्डवर मागचा ब्रेक पायात असतोच. पुढचा ब्रेक मात्र कुठल्याही बाजूने चालवताना हवाच. मागचे चाक सरकल्याने त्याला काही होत नाही.

चाक दोन्ही बाजूंनी सारखे आहे का

उलटे करायच्या चाकाचा रिम एक्सलच्या दोन टोकांच्या बरोबर मध्ये असावा लागतो. गिअरवाल्या सायकलच्या चाकात रिम एका अंगाला ओढलेला असतो, तसे इथे चालत नाही. चाक एका बाजूने लावा, चेनस्टे आणि रिम यांतले अंतर दोन्हीकडे मोजा, मग चाक उलटे लावून पुन्हा मोजा. रिम दोन वेळा दोन वेगळ्या बाजूंना झुकला तर चाक मध्यावर नाही. आऊट काढणाऱ्या कारागिराला ‘दोन्हीकडून सेंटर पाहिजे’ एवढे सांगितले की तो समजतो.

एक्सलवरचे स्पेसरही दोन्हीकडे सारख्या जाडीचे हवेत. ट्रॅक हबची रुंदी १२० मिमी असते, जुन्या रोड फ्रेमची १२६ आणि त्यानंतरच्यांची १३०. फरक भरून काढायला दोन्ही बाजूंना सारखे स्पेसर घाला. १२६ साठी प्रत्येकी ३ मिमी, १३० साठी प्रत्येकी ५. एक्सल तेवढे लांब हवे. लेथवाल्याचे काम हेच. १० मिमी एक्सलवर सैल न बसणारे, दोन्ही तोंडे समांतर असलेले स्टीलचे स्पेसर उद्यमबागेत कुठलाही टर्नर काढून देईल. जोडी एकाच वेळी काढून घ्या, म्हणजे जाडी एकसारखी येते.

चेनलाइनही तपासा. फ्रेमच्या मध्यापासून चेनव्हीलच्या दात्यापर्यंतचे अंतर आणि हबच्या मध्यापासून स्प्रॉकेटच्या दात्यापर्यंतचे अंतर, दोन्ही सारखी हवीत. ट्रॅकच्या सामानात हे ४२ मिमी असते. २ मिमीपर्यंत फरक चालतो. त्यापुढे चेन आवाज करते आणि उतरण्याचा धोका वाढतो. फ्रीव्हील बाजूची चेनलाइन फिक्स्ड बाजूशी जुळतेच असे नाही, दोन्ही मोजा.

स्प्रॉकेट चढवणे

हबचे आणि स्प्रॉकेटचे आटे रॉकेलच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, ग्रीसचा पातळ हात द्या. स्प्रॉकेट हातानेच फिरवून बसवा. पहिले तीन-चार फेरे सहज जायला हवेत. अडकले तर जोर लावू नका, काढून पुन्हा सरळ धरा. ॲल्युमिनियमच्या हबचे आटे एकदा गेले की हब गेला. हाताने बसले की चेनव्हिपने, म्हणजे दांड्याला चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने, घड्याळाच्या दिशेने आवळा. मग लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने, हुक पान्याने. छिन्नी-हातोडीने लॉकरिंग ठोकू नका. तिच्या खाचा बोथट होतात आणि पुढच्या वेळी पाना धरत नाही. हबच्या दोन्ही बाजूंना हेच नियम लागू आहेत, कारण प्रत्येक बाजू तिच्याच समोरून बघायची.

घरी कितीही आवळले तरी स्प्रॉकेट पूर्ण बसत नाही. ते पायाच्या जोराने बसते. पहिल्या दिवशी एखाद्या चढावर जा. बेळगावकरांना येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता जवळचा आहे. चढावर उभे राहून जोरात पेडल मारा, पाय मागे अजिबात रेटू नका, उतरताना फक्त पुढचा ब्रेक वापरा. घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा. बहुतेक वेळा ती पाव फेरा तरी आत जाते. हे दोन्ही स्प्रॉकेटांना वेगवेगळे करायचे. दुसरे स्प्रॉकेट महिनाभर डाव्या बाजूला नुसते पडून असते आणि ते बसवायचे राहून गेले तर पहिल्यांदा उलटे केल्यावर रस्त्यातच सुटते.

चेन

एक अष्टमांश इंच रुंदीची चेन घ्या आणि दोन्ही स्प्रॉकेट त्याच रुंदीची. फ्रीव्हीलही. रुंद चेन अरुंद स्प्रॉकेटवर चालते, अरुंद चेन रुंद स्प्रॉकेटवर बसत नाही.

लांबी नेहमी मोठ्या स्प्रॉकेटवर ठरवा. मोठे स्प्रॉकेट उजवीकडे, एक्सल खाचेच्या पुढच्या टोकापासून ३-४ मिमी मागे. चेन गुंडाळा आणि जिथे बाहेरची कडी आतल्या कडीला भेटते तिथे तोडा. पिचची संख्या सम येते. मग लहान स्प्रॉकेटवर लावून चाक मागे घ्या आणि खाच पुरते का बघा. पुरत नसेल तर हाफ लिंक (एकाच पिचची कडी) घालता किंवा काढता येते, तिने एक्सल ६ मिमीच्या आसपास सरकते. पण हाफ लिंकवर अवलंबून राहण्यापेक्षा एक दाता कमी फरक ठेवणे चांगले.

रस्त्यावर चाक उलटे करणे

लागणारी हत्यारे थोडी आहेत: १५ मिमीचा रिंग पाना, रबरी हातमोजे, फडके आणि पंक्चरचे नेहमीचे सामान. हुक पाना घरी ठेवा, तो फक्त स्प्रॉकेट काढताना लागतो.

१. रस्त्यापासून दूर, सपाट जागी थांबा. ऊसतोडीच्या दिवसांत अथणी-रायबाग रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, कडेला उभे राहू नका.
२. मागचा ब्रेक असेल तर मोकळा करा.
३. दोन्ही नट दोन-तीन फेरे सैल करा, काढू नका.
४. चाक पुढे ढकला. चेन सैल पडली की ती आधी चेनव्हीलवरून उतरवा, मग स्प्रॉकेटवरून. चेन उतरवताना क्रँक (पेडलचा दांडा) फिरवायचा नाही, बोटे आत असताना तर मुळीच नाही.
५. चाक मागे ओढून बाहेर काढा. पूर्ण मडगार्ड असेल तर इथे अडते. पावसाळ्यात मडगार्ड हवेच, म्हणून मागचा दांडा हाताने सुटेल असा लावा.
६. चाक उलटे करून बसवा. चेन आधी स्प्रॉकेटवर, मग चेनव्हीलच्या वरच्या दात्यांवर ठेवा आणि हात पूर्ण बाहेर काढून क्रँक हळू फिरवा.
७. चाक मागे ओढा. आधी उजवा नट थोडा आवळा, मग रिम मध्यावर आणून डावा, मग पुन्हा उजवा. पेडलचा जोर उजव्या बाजूला पुढे खेचतो, म्हणून उजवा नट शेवटी पूर्ण ताकदीने.
८. चेनचा ताण बघा, ब्रेक जोडा आणि रबर कुठे टेकते ते डोळ्यांनी बघा.

ताण असा बघायचा: खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने वर-खाली करा, एकूण १० ते १२ मिमी हालायला हवे. एकाच जागी बघून थांबू नका. चेनव्हील क्वचितच पूर्ण गोल असते, म्हणून क्रँक पाव-पाव फेरा फिरवत चार जागी बघा. सगळ्यांत घट्ट जागी चेन कुरकुरता कामा नये आणि सगळ्यांत सैल जागी ती हाताने बाजूला ओढली तरी उतरता कामा नये. साध्या सायकलची चेन उतरली तर पेडल मोकळे फिरते एवढेच. फिक्स्डवर उतरलेली चेन स्प्रॉकेट आणि फ्रेमच्या मध्ये अडकून चाक जागच्या जागी जाम करते.

खाचेच्या पट्टीवर दोन्ही जागांच्या रंगाच्या बारीक रेघा मारून ठेवा, एक १७ ची, एक १९ ची. घरी शांतपणे ताण जुळवून मारलेल्या रेघेवर वॉशरची कड आणली की रस्त्यात, अंधारात, पावसातही चाक पहिल्याच प्रयत्नात जागेवर बसते. चेन ताणत जाईल तशा या रेघा दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने माराव्या लागतात.

चाक न हलवता दोन गिअर

दुसरी एक रीत आहे. पुढे दोन चेनव्हील आणि मागे एकाच बाजूला दोन स्प्रॉकेट, दोन्ही जोड्यांच्या दात्यांची बेरीज सारखी. ४४ आणि १६ मिळून ६०, ४२ आणि १८ मिळूनही ६०. चेन एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर हाताने हलवली तरी एक्सल जवळपास जागेवरच राहते, ब्रेकचा प्रश्नही उरत नाही. गिअर ५.८८ मीटरवरून ४.९९ वर येतो, म्हणजे ४४ च्या एकाच चेनव्हीलवर तीन दात्यांच्या फरकाने मिळाला असता तेवढा. यासाठी एकाच तुकड्यात दोन पायऱ्या असलेले फिक्स्ड स्प्रॉकेट लागते. सर्ली कंपनीचे डिंगल त्यातले माहितीचे, पण इकडच्या दुकानांत ते मिळत नाही, मागवावे लागते. पुढच्या दोन चेनव्हीलमधले अंतर मागच्या दोन स्प्रॉकेटांमधल्या अंतराएवढेच हवे, नाहीतर एक जोडी सरळ आणि दुसरी तिरकी चालते. पहिल्या वर्षात याच्या मागे लागू नये.

बोटे आणि कपडे

फिक्स्ड सायकल स्टँडवर लावून चाक फिरवत चेन पुसणे सक्त बंद. चाकाची गती पेडलला ओढत राहते, फडके चेनमध्ये गेले की बोट त्याच्यामागे स्प्रॉकेटपर्यंत जाते आणि थांबवायला वेळ नसतो. बोट तुटते. चाक थांबवा, वीतभर चेन पुसा, हात काढा, क्रँक फिरवा, पुन्हा थांबवा. घरातली लहान मुले उभ्या सायकलचे पेडल फिरवत खेळतात, त्यांना फिक्स्ड सायकलजवळ जाऊ देऊ नका. पायजमा, ओढणी, बुटाची सैल नाडी याच कारणाने धोक्याची. उजव्या पायाला कापडी पट्टा बांधा, नाडी बुटात खोचा आणि पेडलला टो-क्लिप (पाय पेडलवर धरून ठेवणारी पकड) किंवा पट्टा लावा.

माती, पाऊस आणि झीज

खानापूरची तांबडी माती बारीक असते, ती तेलात मिसळून चेन घासते. अथणीची काळी माती ओली असताना टायर आणि ब्रेकमध्ये गोळा होऊन बसते. दोन्हीकडे पावसाळ्यात दर आठवड्याला चेन पुसून प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब टाकावा. जास्तीचे तेल मातीच ओढून घेते. डाव्या बाजूचे रिकामे स्प्रॉकेटही पुसा, त्यावर गंज आधी चढतो. लॉकरिंगच्या आट्यांवर पावसाळ्याच्या तोंडी आणि शेवटी ग्रीसचा हात द्या.

दोन स्प्रॉकेट असली की झीज सारखी होत नाही. रोजच्या स्प्रॉकेटचे दाते चेनबरोबर झिजत जातात, क्वचित वापरले जाणारे नवेच राहते आणि ताणलेली चेन त्यावर नीट बसत नाही, खडखडते. म्हणून चेन वेळेवर बदला. स्टीलची पट्टी घेऊन २४ पिच मोजा. नव्या चेनमध्ये त्या ३०४.८ मिमी भरतात. ३०६.४ भरल्या, म्हणजे अर्धा टक्का ताणली, की चेन बदलायची. ३०८ पर्यंत थांबलात तर रोजचे स्प्रॉकेटही चेनबरोबर काढावे लागेल, कारण तोवर त्याचे दाते एका अंगाला वाकून टोकदार झालेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर चढते, घसरते. चेनव्हील त्यामानाने बरेच टिकते; दोन-तीन चेन झाल्यावर त्याचे दाते बघितले तरी पुरे.